ऊसतोडीतल्या बाईची मजुरी, उचल आणि हक्क: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दसरा झाला की बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातली गावं रिकामी व्हायला लागतात. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, केज, आष्टी, तिकडे पाथर्डी, जामखेड. ट्रक-ट्रॅक्टर भरून माणसं सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, पुण्याच्या कारखान्यांवर आणि पुढे कर्नाटकात बेळगाव-बागलकोटपर्यंत जातात. माझे आईवडील चौदा हंगाम गेले. त्यातले सहा हंगाम मीही कोपीत, म्हणजे ताडपत्रीच्या झोपडीत काढले, मग आजीपाशी राहून शिकले. आता ऊसतोडीच्या बायकांच्या बैठका घेते, त्यांचे अर्ज भरून देते. खालचे प्रश्न मला बैठकीत आणि फोनवर सारखे विचारले जातात. काही बायकांचे आहेत, काही शहरातल्या वाचकांचे.

'कोयता' म्हणजे नेमकं काय? आणि 'अर्धा कोयता'?

ऊस तोडायचं हत्यार म्हणजे कोयता, हे सगळ्यांना माहीत आहे. तोडणीच्या व्यवहारात मात्र कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम, म्हणजे टोळी जमवणारा ठेकेदार, 'दहा कोयते ठरलेत' म्हणाला की वीस माणसं समजायची. एकटा गडी किंवा एकटी बाई म्हणजे अर्धा कोयता.

करार, उचल, टनाचा हिशोब सगळं जोडीवर चालतं. आता जोडीच्या वतीनं बोलणी कोण करतं? नवरा. अंगठा किंवा सही कुणाची? त्याचीच. उचलीची रक्कम हातात कुणाच्या पडते? त्याच्याच. बाईशिवाय कोयता पुरा होत नाही, पण कागदावर तिचं नाव येत नाही. या पानावरचे बाकीचे प्रश्न बहुतेक इथूनच निघतात.

उचल किती असते? ती फिटते का?

उचल म्हणजे हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम. कोयत्याला पन्नास हजारापासून लाख-सव्वा लाख, कधी त्याहून जास्त. हा पैसा कारखान्याकडून वाहतूकदार आणि मुकादमामार्फत खाली येतो. पावसाळ्यात दवाखाना, लग्न, बी-बियाणं, जुनी देणी यात तो दिवाळीच्या आधीच संपलेला असतो.

आता हिशोब करून बघा. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली आणि दर टनाला २७३ वरून ३६६ रुपयांवर गेला. लाखाची उचल फेडायला २७३ टन ऊस तोडून, बांधून, भरून द्यावा लागतो. चांगली जोडी दिवसाला दोन टन काढते. म्हणजे एकही खाडा न होता, एकही दिवस न बुडता, १३७ दिवस, साडेचार महिने. हंगामच चार ते सहा महिन्यांचा. मधे पाऊस झाला, कारखाना बंद पडला, बाई आजारी पडली, की बाकी राहते. राहिलेली बाकी पुढच्या हंगामाच्या उचलीत मिसळते आणि त्याच मुकादमाकडे परत जावं लागतं.

मजुरी टनावर आहे, दोघांना सारखीच. मग विषमता कुठे आहे?

शहरातले वाचक हा प्रश्न सर्वात जास्त विचारतात.

शेतमजुरीत फरक डोळ्यांना दिसतो: एकाच रानात गड्याला एक रोज, बाईला त्याहून कमी. ऊसतोडीत तो फरक जोडीच्या पोटात लपतो. दोन टनाचे ७३२ रुपये दोघांचे. त्यातले ३६६ बाईचे आहेत असं कुणीच म्हणत नाही, कारण ते कधी वेगळे मोजलेच जात नाहीत. पंधरवड्याचं बिल निघतं तेव्हा ते उचलीत वळतं होतं आणि खर्चीपुरते पैसे हातात येतात. तेही नवऱ्याच्या. चौदा हंगाम माझ्या आईनं ऊस तोडला. तिच्या नावानं मजुरी म्हणून एक रुपयासुद्धा कुठे नोंदलेला नाही. तिला कामगार म्हणून सिद्ध करायला आज माझ्याकडे एक चिठ्ठी नाही.

दुसरी गोष्ट कामाच्या वाटणीची. बऱ्याच ठिकाणी गडी ऊस बुडातून तोडतो, बाई पाचट काढते, ऊस गोळा करते, मोळी बांधते, ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढते. तीस किलोची मोळी धरली तर दोन टनाला सदुसष्ट मोळ्या होतात. आणि स्वयंपाक, पाणी, धुणं, लेकरं ही तर मजुरीत धरलेलीच नाहीत.

उसाच्या फडातल्या बाईचा दिवस कसा असतो?

माझ्या आठवणीतला सांगते. आमची बैलांची टायरगाडी होती. पहाटे तीनला आई उठायची. कोपी म्हणजे बांबूच्या कामट्या आणि ताडपत्री, आत वाकूनच शिरायचं. बाहेर तीन दगडांची चूल. दोन वेळच्या भाकरी तेव्हाच थापून घ्यायच्या, कारण दुपारी चूल पेटायची नाही. पाणी शेतकऱ्याच्या मोटारीवरून, मोटार चालू असेल तर. उजाडायच्या आत फडात. धाकट्याला झोळीत किंवा पाचटावर टाकायचं, मी त्याच्यावर लक्ष ठेवायला. मी सात वर्षांची होते.

दुपारपर्यंत तोडणी, मग भरणी. संध्याकाळी वडील गाडी घेऊन कारखान्यावर जायचे. तिथे गाड्यांची रांग असायची, नंबर लागेपर्यंत कधी मध्यरात्र, कधी पहाट व्हायची. तोवर आई आम्हाला घेऊन कोपीत एकटी. आडोसा नाही, दिवा नाही, दार म्हणजे एक पडदा. उसाच्या कापऱ्या पात्यांनी तिच्या हातांवर बारीक चिरा पडलेल्या असायच्या. रात्री ती त्यावर गोडं तेल चोळायची आणि सकाळी परत तेच हात पाचटात घालायची.

संडास-न्हाणी नव्हतीच. आजही बहुतेक थळांवर, म्हणजे कोप्यांच्या वस्तीवर, नाही. अंधार असेपर्यंत उरकायचं, नाहीतर दिवसभर दम धरायचा. म्हणून बायका पाणी कमी पितात. लघवीचा जंतुसंसर्ग इथून सुरू होतो.

'खाडा' म्हणजे काय? पाळीच्या दिवसांतही धरतात का?

कामावर न गेलेला दिवस म्हणजे खाडा. त्या दिवसाची मजुरी बुडतेच, वर अनेक टोळ्यांत दंडही कापला जातो. मी ५०० पासून १००० रुपयांपर्यंत दंड लावल्याचं ऐकलं आणि पाहिलं आहे. एकीचा खाडा झाला की जोडीचं काम अडतं, म्हणून दंड कोयत्यावर बसतो आणि बोलणी तिला बसतात.

हो, पाळीतही धरतात. बाळंतिणीलाही धरतात. पाळीत जुनं कापड, ते धुवायला पाणी नाही, वाळवायला जागा नाही, डोक्यावर मोळी तशीच. दंड लावायला कोणत्याही कायद्याचा आधार नाही. मजुरीतून कपात करायची तर कायद्यात त्याचे नियम ठरलेले आहेत. 'आमच्यात असंच चालतं' हा नियम होत नाही.

गर्भपिशवी काढण्याची बातमी खरी होती का? बायका स्वतःहून काढतात म्हणे.

खरी होती. २०१९ मध्ये हे प्रकरण देशभर गाजलं. त्या वर्षी जूनमध्ये विधिमंडळात सरकारनं सांगितलं की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या. विधान परिषदेच्या उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे शंभरात जवळपास सतरा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांत हेच प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास आहे.

'स्वतःहून' या शब्दावर मात्र थांबते. अंगावरून पांढरं जातं, कंबर दुखते, पाळी जास्त जाते म्हणून बाई खाजगी दवाखान्यात जाते. तिला सांगितलं जातं, पिशवीला सूज आहे, कॅन्सर होईल, काढून टाका. तिच्यापुढे दोन महिन्यांवर हंगाम आहे, घरात उचल खर्च झालेली आहे, आणि दर महिन्याला चार दिवसांच्या खाड्याची भीती आहे. दोन लेकरं झालेली आहेत. ती 'हो' म्हणते. माझ्या सख्ख्या मावशीनं अठ्ठाविसाव्या वर्षी 'हो' म्हटलं. ऑपरेशनचे पैसे पुन्हा उचलीतूनच गेले. आता तिला पायऱ्या चढवत नाहीत, अंगातून वाफा निघतात, झोप लागत नाही. पिशवीबरोबर अंडाशयं काढली तर पाळी अचानक कायमची जाते, हाडं लवकर ठिसूळ होतात, हृदयाचा धोका वाढतो. हे तिला आधी कुणी सांगितलं नव्हतं. याला निवड म्हणणं मला मान्य नाही.

मला डॉक्टरांनी पिशवी काढायला सांगितली आहे. काय करू?

घाई करू नका. रक्तस्राव अंगावर काढता येणार नाही इतका असेल तर लगेच सरकारी दवाखाना गाठा, पण बहुतेक वेळा विचार करायला वेळ असतो.

उपजिल्हा रुग्णालयात किंवा जिल्हा रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. सोनोग्राफीचा कागद स्वतःजवळ ठेवा. पांढरं जाणं हा बहुतेक वेळा जंतुसंसर्ग असतो आणि तो गोळ्यांनी बरा होतो, नवऱ्यालाही औषध घ्यावं लागू शकतं. डॉक्टरांना स्पष्ट विचारा: गोळ्यांनी जमेल का? अंडाशयं ठेवणार की काढणार? कॅन्सरची भीती दाखवली असेल तर त्याची तपासणी केली का? २०१९ नंतर बीडमध्ये खाजगी दवाखान्यांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायला सांगितलं गेलं. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही, अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने केलेली मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करा, असं सगळ्या राज्यांना बजावलं. तेव्हा 'परवानगी घेतली का' हा प्रश्न विचारायला लाजू नका.

बाळंतपणाची रजा आम्हाला मिळते का?

१९६१ चा मातृत्व लाभ कायदा २०१७ मध्ये सुधारला आणि २६ आठवड्यांची भरपगारी रजा आली. ऑफिसातल्या बाईला तिचा उपयोग झाला, चांगलंच झालं. फडातल्या बाईला मालकच कागदावर सापडत नाही, मग रजा मागायची कुणाकडे? कारखाना म्हणतो ती मुकादमाची माणसं, मुकादम म्हणतो मी नुसता मध्यस्थ.

आत्ता हातात येण्यासारखं सांगते. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला ५,००० रुपये आणि दुसरी मुलगी झाली तर ६,००० रुपये बाईच्या खात्यावर येतात. दिवस गेल्यावर निघण्याआधीच आशाताईकडे नोंद करा आणि माता-बाल संरक्षण कार्ड बरोबर न्या. थळाजवळच्या गावातल्या अंगणवाडीत आहार आणि लसीकरण मागायचा तुम्हाला हक्क आहे, 'तुम्ही बाहेरगावच्या' म्हणून परत पाठवता येत नाही. कळा सुरू झाल्या तर १०८ ला फोन करा. बैलगाडीतून, ट्रॅक्टरवरून नेण्याची वाट पाहू नका.

नवरा वारला आहे किंवा सोडून गेला आहे. एकटीला काम का देत नाहीत?

अर्ध्या कोयत्याला मुकादम टाळतो. घेतलं तर उचल अर्ध्याहून कमी देतो. मग एकट्या बाया भावाबरोबर, दिराबरोबर, कधी वयात आलेल्या पोराबरोबर जोडी लावतात आणि पैसा पुन्हा त्या गड्याच्या हातात जातो. काही गावांत दोन एकट्या बायकांनी मिळून एक कोयता केला आहे. अशा जोड्यांचं काम कमी पडतं असं मला दिसलेलं नाही.

नवऱ्याच्या सहीची उचल असेल आणि तो वारला, तर ती बायकोनं अंगमेहनतीनं फेडलीच पाहिजे, असं कायदा सांगत नाही. वारसाची जबाबदारी मयताकडून मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते. 'फेडेस्तोवर काम कर, दुसरीकडे जायचं नाही' अशी सक्ती म्हणजे वेठबिगारी, आणि ती १९७६ च्या कायद्यानं गुन्हा आहे. तक्रार तहसीलदार किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी द्या, पोच घ्या.

फडात, रस्त्यात कुणी अंगचटीला आलं तर तक्रार कुठे करायची? आम्हाला ऑफिस कुठे आहे?

ऑफिस लागत नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा असंघटित कामगारांनाही लागू आहे, आणि शेत, थळ, कामाला नेणारी गाडी हेही कामाचं ठिकाणच आहे. प्रत्येक जिल्ह्यात 'स्थानिक समिती' असते. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यायची, कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने मुदत वाढवते. लिहिता येत नसेल तर लिहून देण्यासाठी मदत मिळते. पोलिसांत वेगळा गुन्हाही नोंदवता येतो. महिला हेल्पलाईन १८१.

अडचण मला माहीत आहे. तक्रार केली की मुकादम उचल परत मागतो, टोळीतली माणसं 'आता आमचंही काम जाईल' म्हणतात आणि नवऱ्याला कळलं तर उलट तिच्यावरच संशय. म्हणून एकटीनं जाऊ नका. टोळीतल्या दोघी-तिघी मिळून जा. महिला किसान अधिकार मंचासारख्या संघटना या बायकांसाठी काम करतात, त्यांच्या कार्यकर्त्यांना गाठा.

मुलींची लग्नं इतक्या लवकर का लावतात?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) बीड जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी ४३.७ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. राज्याचा आकडा २१.९ टक्के. दुप्पट.

लोक याला अडाणीपणा म्हणतात, तेव्हा मला वाईट वाटतं. आईबाप सहा महिने बाहेर, वयात आलेली पोर घरी एकटी, तिला थळावर नेलं तर तिथे आडोसा नाही. आणि तिकडे मुलाच्या बापाला नवा कोयता हवा आहे. लग्न झालं की अर्ध्याचा पुरा कोयता होतो, पुरी उचल मिळते. पोरीचं लग्न कामाच्या बाजारानं ठरवलेलं असतं. ज्या गावात वसतिगृह चालू आहे, तिथे आईबाप मुलीला ठेवून जातात, हे मी स्वतः पाहिलं आहे. संत भगवानबाबा वसतिगृह योजना त्यासाठीच आहे. तालुक्यात समाजकल्याणकडे चौकशी करा. अशा मुलीचं लग्न ठरल्याचं कळलं तर मुलांच्या हेल्पलाईनला, १०९८ ला फोन करा.

सरकारी महामंडळ आहे ना? त्याचा बाईला काय उपयोग?

गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे. गाळप झालेल्या उसावर टनामागे १० रुपये कारखान्यांकडून त्यासाठी घ्यायचे असं ठरलेलं आहे. ग्रामपंचायतीमार्फत ऊसतोड कामगारांची नोंद होऊन ओळखपत्र मिळतं.

इथे एकच सांगणं आहे: ओळखपत्र दोघांचं वेगवेगळं काढा. 'कुटुंबाचं एक काढलं' असं सांगितलं तरी ऐकू नका. उद्या आरोग्य तपासणी, विमा, कोणतीही योजना आली तर नाव नसलेल्या बाईला 'तुम्ही कामगार आहात का' असंच विचारलं जाणार.

लाडकी बहीणचे पैसे मिळतात. मग आता काय अडचण?

जुलै २०२४ पासून महिन्याला १,५०० रुपये येतात आणि ते बाईच्या स्वतःच्या खात्यावर येतात. बायका खूश आहेत, मीही आहे. कितीतरी जणींनी पहिल्यांदा बँकेत स्वतःच्या नावानं स्लिप भरली. पण यातून एक गोष्ट सिद्ध झाली. खातं आहे, आधार जोडलेलं आहे, पैसा थेट तिच्या नावावर पाठवता येतो. मग तिच्या घामाची मजुरी तिच्या खात्यावर का येत नाही? मुकादम-कारखान्याकडून 'जमत नाही' हे उत्तर आता चालणार नाही.

हे फक्त ऊसतोडीतच आहे का?

नाही. देशाच्या श्रमबल सर्वेक्षणात काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या १५ वर्षांवरच्या बायकांचं प्रमाण २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होतं, २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्के झालं. वाढ मोठी दिसते. पण काम करणाऱ्या बायकांतल्या तिघींपैकी एकीहून जास्त 'घरच्या धंद्यात मदतनीस' आहेत, म्हणजे शेतात, दुकानात राबतात आणि मोबदला शून्य. मदतनीस हा शब्द ऐकला की मला कोयताच आठवतो.

उलट उदाहरणही आपल्याच राज्यात आहे. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामं निघाली, १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला. खडी फोडायला, पाझर तलावाला बायका लोटल्या, कारण तिथे हजेरीपटावर त्यांचं नाव चढत होतं. माझी आजी आजही ते हजेरीचं काम सांगते.

आता हार्वेस्टर आले. बायकांचं काय होणार?

२०२३ मध्ये राज्य सरकारनं तोडणी यंत्राला अनुदान जाहीर केलं. मोठ्या सपाट फडात यंत्र चालतं, छोट्या तुकड्यांत आणि चिखलात माणूसच लागतो. म्हणजे अवघड फड जोड्यांच्या वाट्याला. यंत्र चालवताना मी आजवर बाई पाहिलेली नाही. प्रशिक्षण निघेल तेव्हा बायकांनी अर्ज करावेत आणि घेणाऱ्यांनी ते घ्यावेत.

कायदे तर पुष्कळ आहेत. लागू का होत नाहीत?

समान वेतनाचा कायदा १९७६ चा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो नव्या वेतन संहितेत सामावला आहे. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानंही ऊसतोड कामगारांच्या स्थितीची स्वतःहून दखल घेतली. पण कामगार अधिकारी तपासणीला आला तर त्याला हजेरीपट हवा, मजुरीची नोंदवही हवी. इथे आहे मुकादमाची वही, तीही त्याच्याच भाषेत. बाईच्या नावाची ओळ तिच्यात नाही.

हिशोबात फसवणूक होते. पुरावा कसा ठेवायचा?

ठरतानाच दोघांनी बसा. उचल किती, टनाचा दर किती, खाडा धरणार का, दवाखान्याचा खर्च कुणाचा, हे बाईनं स्वतः विचारावं. कागद केला तर त्यावर दोघांची नावं आणि दोघांच्या सह्या हव्यात. कोऱ्या स्टॅम्पवर अंगठा देऊ नका. कागदाचा फोटो काढून गावातल्या कुणाच्या तरी मोबाईलवर पाठवून ठेवा. प्रत्येक खेपेच्या वजनाच्या चिठ्ठीचाही फोटो काढा, तारखेसह.

माझ्या आईकडे मोबाईल नव्हता आणि तिला लिहिता येत नव्हतं. तिच्या पत्र्याच्या पेटीच्या झाकणाला आतून कोळशाच्या रेघा असायच्या, एका खेपेला एक. एका वर्षी हिशोबाच्या दिवशी मुकादमाच्या वहीत अकरा खेपा कमी निघाल्या. आई पेटी डोक्यावर घेऊन गेली आणि झाकण उघडून त्याच्यापुढे ठेवलं. तो म्हणाला, बायकांच्या रेघांवर हिशोब होत नसतो. त्या अकरा खेपा आम्हाला मिळाल्या नाहीत. पेटी अजून माझ्याकडे आहे, त्यात मी बैठकीतल्या बायकांच्या ओळखपत्रांच्या झेरॉक्स ठेवते.